झाकून ठेवलेले पंधरा दिवस

हॅलो?… हो, मी हेमाच. बोल ताई… नाही, माधव घरी नाही. वारज्याला गेलाय, आप्पासाहेबांच्या मंगल कार्यालयात.

हो, लक्षात आहे. येरवड्याच्या गोडाऊनची नोकरी… भाऊजींना त्याचं हो-नाही आजच सांगायचंय… हो, हो… अगं ऐक ना आधी!

छे, कॉम्प्युटर नाही नेला. काय करणार नेऊन? काल बंद पडलं ते… कॉम्प्युटर नव्हे गं, त्यातलं ते प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती ना, तीस दिवस वापरून बघा म्हणून? संपले तीस दिवस.

कसले तीस! पंधराच मिळाले, त्यात प्रोग्रॅम अर्धाच झाला. विसर्जनाच्या दिवशी यानं सीडी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. मीच म्हटलं, नव्या कामाला आत्ता हात लावू नकोस… हो, मीच. टेबलक्लॉथ घालून झाकून ठेवला कॉम्प्युटर.

…अगं, आम्हाला काय माहीत! शेगडी पेटवली नाही तर सिलिंडर संपतो का? वाटलं, उघडू तेवढेच दिवस मोजणार. ते आपलं टेबलक्लॉथखाली मोजतच होतं.

केलं ना, तेही केलं. कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागे नेली. फसलं नाही ते… हस, हस तू. मला रडू आलं काल. व्हीआरएस घेतल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस घरात शीळ घालत होता, आणि मी…

काय दाखवणार? वही… वही गं, लाँगबुक! पंधरवड्यात तो गप्प बसलाय होय? कार्यालयाच्या बुकिंगचा अख्खा प्रोग्रॅम पेननं लिहून काढला. वहीत लिहिणं म्हणजे काही आरंभ नव्हे, असं आमचं ठरलं… शास्त्रात नसेल, आमच्यात आहे.

ऐक तर. पानापानावर स्क्रीन काढलाय. सकाळी मला गिऱ्हाईक केलं. म्हणाला, तारीख सांगा. मी म्हटलं, बारा डिसेंबर, सकाळचा मुहूर्त. यानं पान उलटलं. हॉल दिलेला आहे! अगं, मी खरंच चिडले. म्हटलं, आमच्या मुलीचं लग्न आहे, असा कसा दिलात? तर म्हणतो, पुढचं पान बघा, अठराला मोकळा आहे…

हो, तेच कार्यालय. गेल्या वर्षी दोन वऱ्हाडं एकाच दिवशी दारात उभी राहिली होती. म्हणून तर बोलावलंय त्यांनी. पसंत पडलं तर सॉफ्टवेअर आप्पासाहेबच विकत आणणार, यानं तिथं बसून काम करायचं.

नाही, अजून फोन नाही त्याचा… हो, नाहीसुद्धा म्हणतील. वही बघून हसतीलसुद्धा. मग दुसरं कार्यालय. पुण्यात लग्नं व्हायची थांबलीत का?

ताई… ताई, थांब. भाऊजींना सांग, गोडाऊनवर दुसरा माणूस बघा.

…नाही, त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर हो म्हणेल तो, माझ्या तोंडाकडे बघून. म्हणूनच आत्ता सांगतेय… पंधरा दिवस मी घालवले त्याचे. आता एकही घालवणार नाही.

हो… माझ्या जबाबदारीवर… अगं, रागावू नकोस ना… बरं, रागाव. पण फोन ठेवून रागाव. त्याचा फोन यायचाय, लाइन मोकळी हवी.

ठेवते.