अध्यक्ष मी हट्टाने निवडले

सन्माननीय अध्यक्ष श्री. आसाराम मिस्त्री, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक गुरुजी, राहुरी आणि पंचक्रोशीतले सुतार-लोहार बांधव, गाडीवान मंडळी आणि माताभगिनींनो,

मला निरोप द्यायला एवढे लोक जमलात, हात जोडतो. मी चौथी शिकलेला माणूस. भाषण लिहून आणलंय आणि कागद घामानं भिजलाय. मागे ऐकू येतं ना? पंखा जरा कमी करा, कागद उडेल.

अध्यक्षांनी आत्ता माझं फार कौतुक केलं. बन्सी मिस्त्रींनी चाळीस वर्षांचा चाकांचा कारखाना आपल्या कारागिराच्या, दिलावरच्या हाती दिला, माणसांवर विश्वास कसा टाकावा ते त्यांच्याकडून शिकावं, असं म्हणाले. मंडळी, ते मी कसा शिकलो, हे अध्यक्षांइतकं कोणालाच ठाऊक नाही. ते सांगायचं विसरले, म्हणून मी सांगतो.

गुरुजींना माहीत नसेल, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवतात. धाव चाकापेक्षा जरा लहान असते. ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवायची, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. कमी तापली तर बसत नाही, जास्त तापली तर लाकूड जळून ढिली होते. लोखंडाचा रंग पाहून ‘उचला’ म्हणायचं, एवढंच खरं कसब. म्हणून आम्ही हे काम झुंजूमुंजू उजेडात करतो. आणि ‘उचला’ हा शब्द चाळीस वर्षं माझा होता. दुसऱ्या कोणी उच्चारला असता, तर मला जेवण गेलं नसतं.

पुढे माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी कोणाला सांगितलं नाही, घरात बायकोला, मनकर्णालासुद्धा नाही. अंदाजानं ‘उचला’ म्हणायचो. तेव्हापासून पोरं आळशी झाली, असं मला वाटू लागलं. मी ओरडलो की कोणी म्हणायचं, “नाना, सांडशी निसटली.” कोणी म्हणायचं, “पानी यिऊ द्या की.” दोन वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या आणि दोन वर्षं चाकं उत्तम गेली.

मग दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला असताना, आठवडे बाजारात आपले अध्यक्ष भेटले. त्यांचाही चाकांचाच कारखाना. चार लोकांत म्हणाले, “बन्सी, तुझ्या कारखान्यात तुझं ऐकतं कोन? तू बोंबलतो, आन पोरं दिलावरकडं बघत्यात. त्यानं खांद्यावरचा पंचा उचलला, की मग धाव उचलत्यात. पार येडं बनवलंय तुला.”

गोष्ट खरी होती. पण अध्यक्ष महाराज, ती आपल्याला दोन वर्षं ठाऊक होती ना? मग हंगामाच्या तोंडावरच का आठवली?

मी त्याच दुपारी दिलावरला काढलं. त्याच संध्याकाळी अध्यक्ष त्याच्या घरी गेले आणि ‘माझ्याकडं ये’ म्हणाले. दिलावरची बायको सुरय्या दारात उभी होती. ती म्हणाली, “नानांनी काढलं ते रागानं. तुमी बोलावताय ते कशानं?” अध्यक्ष चहा न घेता परत आले.

त्या आठवड्यात मी अकरा धावा बसवल्या. मच्छिंद्र, तू समोर बसला आहेस, तोंड फिरवू नकोस. तुझ्या भरल्या गाडीची धाव मुळा नदीच्या उतारावर निसटली आणि बैलाचा पाय मोडला. तो माझ्यामुळे. तीन दिवसांत ‘आंधळ्याची चाकं’ हा शब्द तालुकाभर झाला. तो कोणाच्या तोंडून निघाला, हे मी सांगत नाही. ते खुर्चीत बसले आहेत.

मी दिलावरकडे गेलो. म्हणालो, “मला दिसत नाही, हे तोंडावर का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर तुमी काढलं असतं.”

“आता तरी काय झालं?”

“व्हय, पन दोन वर्सं चाकं तर नीट गेली.”

तो आला, पण एका अटीवर. धाव तापेल तेव्हा मी भट्टीपाशी यायचं नाही. पहिल्या दिवशी मी आत पोत्यावर बसून तीनदा विचारलं, “झाली का?” चौथ्यांदा त्यानं बाहेरून दार लावून घेतलं. पुढे नगरला डोळ्यांचं ऑपरेशन करून आलो, लख्ख दिसू लागलं, तरी दार लागलेलंच राहिलं. अजून आतून दाराला कान लावून बसतो. पण एक धाव निसटली नाही.

आता आजचं. अध्यक्ष म्हणून यांनाच बोलवा, हा हट्ट माझा होता. आभार होईपर्यंत अध्यक्षांना उठता येत नाही, हे मी आधी गुरुजींना विचारून घेतलं होतं.

खरं म्हणजे हिशेब चुकता करायची मला याहून मोठी संधी आली होती. अध्यक्षांचा मुलगा गोरक्षनाथ वडिलांशी भांडून आमच्याकडे काम मागायला येणार, असं कानावर आलं. त्याला रस्त्यावर उभं करून काय बोलायचं, ते मी पाठ केलं होतं. सोमवारी गेलो, तर तो भट्टीपाशी सांडशी धरून उभा. दिलावरनं परस्पर ठेवून घेतला.

मी म्हणालो, “अरे, पोरगा कोणाचा, माहीत आहे का?”

“हाय ना. हात चांगलाय त्याचा, नाना. तुमी सावलीत बसा.”

मी बसलो. काय करणार? सोपवलं म्हणजे सोपवलं. कारखान्यात माझा राग काढायलाही मला जागा उरली नाही. म्हणून तो इथे आणावा लागला.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं माफ करावं. अध्यक्षांनी नाही केलं, तरी चालेल.