तानाबाईचा चार

...आन् वरून मलेच म्हनतात, 'प्रेमदासजी, म्हातारपनी डोकं फिरलं काय तुमचं?' आता तुमीच सांगा, मी अंगनात झाड लावून राह्यलो, हत्ती नाई बांधून राह्यलो! पन पुलगावातल्या लोकायले दुसरा धंदाच नाई. बरं, झाड कोनतं? चारोळीचं. तुमी बासुंदीवर टाकता ना, तीच. हिंगणीकडं जंगलात त्या झाडाले 'चार' म्हनतात, फळालेबी चारच. सारा घोळ तिथंच हाय!

तुमाले सांगतो, मागच्या दिवाळीत आमच्या तानाबाईले लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलनं गेलं. चाळीस वर्सं माह्या डोक्यावर अखंड बोलनारी बाई... गप! दवाखान्यात अकराव्या दिवशी तोंड उघडलं आन् म्हने, 'चार.'

झालं! पोरगा राकेश म्हने, 'बाबा, चार वाजताची गोळी मांगून राह्यली आई.' शेजारची शकुंतलाबाई नाकाले पदर लावून, 'चार पोळ्या मांगून राह्यली हो बिचारी, उपाशी ठेवता काऊन तिले?' डॉक्टरनं चार बोटं दाखवली, 'आजी, हे किती?' तानाबाई म्हने, 'चार.' डॉक्टर असा खूश झाला! मंग दोन दाखवली. 'चार.' डॉक्टरचं तोंड एवढंसं.

घरी आनलं. भूक लागली, चार. पाय दुखला, चार. रडतांनीबी चारच... मी महिनाभर इचार केला आन् एक दिवस तिची पाठ पुसता पुसता डोक्यात उजेड पडला. अरे, हिचं माहेर हिंगणीचं! पोरगी होती तवा मायसंगं अख्खा उन्हाळा जंगलात चार येचत फिरे. लगन झाल्यावर पह्यल्यांदा माहेरून आली तं टोपलंभर चार घेऊन आलती, जिभा काळ्या होईस्तोर खाल्ले आमी. चार म्हनजे चार, दुसरं काय?

लागलो कामाले. पह्यलं काय केलं? हसू नका... किराना दुकानातून चारोळी आनली आन् पेरली. सोललेली! तीन दिवसांत मुंग्यायनं जेवन आटोपलं. मंग गेलो बसनं हिंगणीले, तिच्या भावाच्या डब्यातल्या दोन वर्सांच्या जुन्या बिया आनल्या. रोज पानी घातलं. दगडालेबी एवढं पानी घातलं असतं तं त्याले पान फुटलं असतं! काई नाई. कोनी म्हने टरफल कडक हाय, फोडून लावा. फोडलं वरवंट्यानं... चटनी झाली.

शेवटी हिंगणीची सुलोचनाबाई भेटली. रोपं तयार करते, बोलते मास्तरीनीवानी. 'भाऊजी, बी ताजंच पायजे, मे महिन्यातलं. रातभर भिजवाचं. मंग काठावर टिचकी माराची, अंड्याले मारता तशी. टरफल तडकलं पायजे, आतल्याले लागलं नाई पायजे. समजलं?' म्हटलं, 'समजलं.' काय समजलं! तीस बियायले टिचक्या मारता मारता अंगठा असा सुजला का जेवतांनी घास उचलेना. रेती, माती, शेनखत मिसळून पिशव्या भरल्या, सावलीत ठेवल्या, आन् खाटेवरून तानाबाई सारी देखरेख करून राह्यली, 'चार... चार... चार...' चार म्हनजे चार, म्हटलं, दम धर!

मधातच तानाबाईकडून व्यायाम करून घ्याले येते ते मेघा म्हने, 'बाबा, एक सांगू? लकव्यात असं होते. एखादा शब्द अटकून राह्यते तोंडात. त्याले अर्थ नसते.' अर्थ नसते! मी तिले चाय देल्ली, बिस्किट देल्लं. ते गेल्यावर मात्र पिशव्यायपाशी जाऊन बसलो. दोन घंटे.

तुमाले सांगतो, तीसातले पाच उगवले. दोन मीच मारले, जास्त पानी घालून. मायेनं! दोन खारीनं उपटले. राह्यला एक. बोटाएवढा, वर तांबूस पानं. पिशवी उचलली, तिच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हटलं, 'घे तानाबाई. चार.'

तिनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग डाव्या हाताचं बोट पुढं केलं आन् रोपाच्या बुडाची माती दाबली. थोडी इकडून, थोडी तिकडून. मी ढिली ठेवली होती ना! नखात माती गेली तिच्या. मी वाट पाहून राह्यलो, आता म्हनते, आता म्हनते...

नाई म्हटलं.

त्या दिवशी नाई, दुसऱ्या दिवशी नाई. आज पंधरा दिवस झाले. भूक लागली तं ताटाकडं पाह्यते, दुखलं तं माह्याकडं. राकेश फोनवर रडला, 'बाबा, तोबी शब्द गेला.' मेघा म्हने, होते असं. आता मले सांगा, गेला का... तिले जे पायजे होतं ते भेटलं म्हनून थांबली? कोनाले इचारू? जिले इचाराचं तेच गप!

रोप अंगनात लावलं. सुलोचनाबाई म्हने फळ धराले आठ-दहा वर्सं लागतात. मी बहात्तरचा हाव. लागू दे, म्हटलं.

घरात मात्र आता लय शांत शांत असते. भिंतीवरची घडीबी मोठ्यानं वाजते. म्हनून रस्त्यानं जानारा कोनी दिसला का मी असा बोलावून बसवतो... अरे, उठता काऊन? बसा ना! तुमाले काई बोलाचं नाई, बसाचं फक्त. बोलतो मी.