दहा हजारांच्या आत

टॅमरा: तुमची पत चांगली आहे, मिस्टर व्होंड्रा. प्रश्न तो नाहीच. तुम्हाला फक्त आठ हजार हवेत, हा प्रश्न आहे.

व्हर्नन: मग आठच द्या ना. मी कुठे जास्त मागतोय?

टॅमरा: ट्रेलर आम्ही विकतो, पण कर्ज बँकेचं; आणि गाडीमागे ओढायच्या अशा राहायच्या ट्रेलरसाठी बँक दहा हजारांच्या आत कर्ज देत नाही. एवढ्याशा कर्जाची कागदपत्रं करायला परवडत नाही त्यांना.

लोरीन: म्हणजे आम्ही कमी गरजू पडलो.

टॅमरा: मॅडम, तुम्ही शनिवारी सहा हजार आगाऊ भरलेत. चारच भरले असते, तर आज सह्या करून गेला असतात.

व्हर्नन: जास्त भरलं की कर्ज कमी होतं, एवढंच शिकलोय मी आयुष्यात. तीस वर्षं शाळेची बस चालवली, कुणाचा एक डॉलर थकवला नाही.

लोरीन: मी म्हटलं होतं, आधी विचार.

व्हर्नन: शिक्षा मला, आणि टोमणेही मलाच.

लोरीन: मग त्यातले दोन हजार परत द्या आम्हाला.

टॅमरा: ते मुख्य ऑफिसात जमा झाले. चेक यायला दहा दिवस तरी लागतात.

व्हर्नन: दहा दिवस नाहीत आमच्याकडे. परवा, गुरुवारपर्यंत ओमाहाच्या हॉस्पिटलला ट्रेलरचा नंबर कळवायचाय. नातेवाइकांचे ट्रेलर उभे करायला त्यांच्याकडे सहाच जागा आहेत, पाणी-विजेसकट. परवा नंबर दिला नाही, तर जागा दुसऱ्याला.

टॅमरा: कोण आहे तिथे?

लोरीन: याचा धाकटा भाऊ, डेलमर. सोमवारी दाखल करणार आहेत. बोन मॅरो, हाडातला मगज बदलायचाय. नंतर शंभर दिवस घरचं माणूस चोवीस तास जवळ हवं, तेही हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत. तशी सोय दाखवल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत. आणि आम्ही राहतो तीन तासांवर.

टॅमरा: त्यांची बायको, मुलं?

व्हर्नन: एक कुत्रा आहे.

लोरीन: आणि तिथल्या हॉटेलात शंभर रात्री काढायच्या, तर घर विकावं लागेल.

टॅमरा: दुसरीकडे विचारलंत?

व्हर्नन: आमच्या पतपेढीत विचारलं. ते पाच हजारांपासून देतात, पण सात वर्षांपेक्षा जुना ट्रेलर चालत नाही त्यांना. हा नऊ वर्षांचा. दुसऱ्या एका बँकेत गेलो, तिथे पंधराच्या खाली बोलतच नाहीत. तुम्ही तिसऱ्या.

टॅमरा: हे बघा, एक मार्ग असतो. बिल वाढवायचं. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि तीन वर्षांची जादा हमी. दोन्ही मिळून दोन हजार.

व्हर्नन: पॉलिश! दोन हजार डॉलरचं पॉलिश!

टॅमरा: मला सांगायला सांगितलंय, म्हणून सांगते. पण एकदा मॅनेजरशी बोलते, काही सवलत निघते का बघते.

(टॅमरा फोन करायला आत जाते.)

लोरीन: सुटल्यासारखं तोंड झालंय तुझं.

व्हर्नन: काहीतरीच.

लोरीन: चव्वेचाळीस वर्षं बघतेय मी ते तोंड. ती ‘नाही’ म्हणाली आणि तुझे खांदे खाली आले.

व्हर्नन: दमलोय मी, लोरीन.

लोरीन: मीही दमलेय. पण मला तो ट्रेलर अजून हवाय. तुला हवाय का, तेवढं सांग.

व्हर्नन: बाबांचं मी केलं होतं.

लोरीन: माहीत आहे मला.

व्हर्नन: अकरा आठवडे. शेवटी ओळखत नव्हते, पण मनगट सोडायचे नाहीत. बोटं एक एक करून सोडवावी लागायची. आता डेलमर, आणि शंभर दिवस त्या डब्यात आम्ही दोघं. मला परत नाही जमलं तर?

लोरीन: त्याला बरं करायला नेतायत.

व्हर्नन: बाबांनाही बरं करायलाच नेलं होतं.

लोरीन: मग मी राहते त्याच्याजवळ.

व्हर्नन: तुझी पाठ धड नाही. आणि तुझ्यासमोर अंघोळ करायची म्हटलं तर तो तिथेच जीव देईल.

लोरीन: मग त्याला फोन कर. सांग, बँक नाही म्हणाली. खोटंही नाही ते. पण तू सांग. मी नाही सांगणार.

व्हर्नन: काल त्याचाच आला होता. तुला बोललो नाही. बॅग भरून दाराशी ठेवलीय म्हणाला. मग म्हणाला, तू घोरतोस अजून? म्हटलं, हो. म्हणाला, बरं झालं, रात्री कुणीतरी आहे ते कळेल.

लोरीन: अरे देवा.

व्हर्नन: हं.

(टॅमरा परत येते.)

टॅमरा: मॅनेजर ऐकत नाहीत हो. बँकेचा नियम, म्हणाले.

व्हर्नन: पॉलिश सोडून बिलात काय काय घालता येतं?

टॅमरा: ट्रेलरला लागेल ते काहीही. तुमच्या गाडीला ट्रेलर ओढायचा जोड घेतलाय तुम्ही?

लोरीन: हा मित्राकडून जुना आणून घरीच बसवणार होता.

टॅमरा: नवा जोड आणि गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावायची पेटी, बसवून साडेबाराशे.

व्हर्नन: घाला. टायर?

टॅमरा: टायर तसे चालतील अजून...

व्हर्नन: चालणार नाहीत. मी पाहिलेत. बाजूला चिरा आहेत.

टॅमरा: दोन टायर, साडेचारशे. आणि चढायला कठड्याची पायरी लावा. पेशंटला बरं पडतं. ती तीनशेला.

लोरीन: किती झाले?

टॅमरा: दोन हजार. म्हणजे कर्ज बरोबर दहा. आता पाठवते बँकेला. उद्या दुपारपर्यंत होऊन जाईल. आणखी काही घालायची गरज नाही.

व्हर्नन: तो मागचा पलंग किती लांब आहे?

टॅमरा: सहा फूट.

व्हर्नन: डेलमर सहा फूट चार इंच आहे. लांबवून मिळतो?

टॅमरा: मिळतो, गादीसकट. तीनशे चाळीस. पण मग दहा हजारांच्या वर जाल तुम्ही.

व्हर्नन: जाऊ दे वर. पलंग घाला.