तीन माणसांचं पीठ

अंबुबाई : सात दिस माझं पीठ मोजलंत, मीठ मोजलंत, परवा तर चाळून टाकलेला कोंडा बी तागडीत घातलात. आता सुनेला बी परत मोजायचं?

इंदुताई : तेच राहिलंय, आजी. विमल, काट्यावर नीट उभी राहा. भिंतीला धरू नकोस.

विमल : धरलं न्हाई.

(पिंपरी, १९५५. नव्या कारखान्याच्या बांधकामावरच्या मजुरांची वस्ती, त्यातलं निघोज्याहून आलेल्या एका कुटुंबाचं खोपट. सकाळची वेळ. इंदुताई पुण्याहून घराघरांतल्या आहाराची पाहणी करायला येतात. अंबुबाईंचा मुलगा मालोजी विटा वाहायला गेला आहे. सून विमल सात महिन्यांची गरोदर. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय, असं तिला वाटतंय.)

इंदुताई : अठ्ठ्याण्णव पौंड. पाहणीआधी, पंधरवड्यापूर्वी, एकशे एक होतं.

अंबुबाई : काटाच बिघडला आसंल. टांग्यातनं आपटत आनता.

इंदुताई : आधी माझंच वजन करून पाहिलं हो. काटा बिघडला असता तर मला आनंद झाला असता. दंड पुढं कर, विमल. बघा, फीतही तेच सांगते. या दिवसांत अंग भरायला हवं, आणि ही झिजतेय.

अंबुबाई : म्हंजी मी सुनेला उपाशी ठेवती. सरळ म्हना की तसं!

इंदुताई : कसं म्हणेन? मीच तर मोजलंय. रोज पाच पौंड पीठ, वर डाळ, तेल. तीन माणसांना पुरेल एवढं. घरात शिजतं ते तिघांच्याही पोटात जातं, असं धरून मी कागदावर भागाकार केला. त्या हिशेबानं विमल धडधाकट आहे. पण खाल्लेलं कामालाही पुरलं नाही, की शरीर स्वतःलाच खायला लागतं. तसं झालंय हिचं. मग हिच्या वाट्याचं पीठ जातं कुठं?

अंबुबाई : माझ्या हातानं ताट वाढती. सकाळी तीन भाकरी, सांजच्याला दोन. माझ्या आधी तिला. देवाशप्पथ.

इंदुताई : आणि ती तुमच्यासमोर जेवते?

अंबुबाई : चुलीकडं त्वांड करून बसती. लाजती मला.

इंदुताई : विमल, काल सकाळी काय खाल्लंस?

विमल : भाकरी.

इंदुताई : किती?

विमल : चतकोर.

अंबुबाई : चतकोर? आन् बाकीच्या?

विमल : खैरुन्निसाला दिल्या.

अंबुबाई : शेजारच्या रहिमान मिस्त्रीच्या बायकूला? तिनं मागितल्या व्हय?

विमल : न्हाई. जास्ती झाल्यात म्हनून सांगती. पान्याला जाताना पदराखाली न्हेती. ती पाजती, तिच्या अंगाला लागंल. तिचं लेकरू जितं हाय.

इंदुताई : तुझंही जिवंत आहे गं. हलतं ना?

विमल : लाथा मारतं. म्हनून तर खात न्हाई.

इंदुताई : म्हणजे काय?

विमल : बारीक ऱ्हाईल. बारीक ऱ्हायलं की सुटंल. गेल्या साली पयलं मोठं झालं हुतं. तीन दिस आडलं. मेलेलं आलं.

इंदुताई : अगं, तू खाल्लं नाहीस तर मूल बारीक होईल, खरं आहे. पण ते जगणार कशाच्या जोरावर? अशी चार-चार पौंडांची पोरं मी मोजली आहेत. दुसऱ्या महिन्यात पुन्हा मोजायला गेले, तर पाळणा काढून ठेवलेला. आणि कळा सोसायला तुझ्या अंगात तरी काय उरेल?

विमल : मंग किती मोठं व्हावं त्यानं? तुमच्या कागदावर लिवलंय का?

इंदुताई : हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी?

विमल : आत्याबाईंनी.

अंबुबाई : मी? मी कवा गं?

विमल : त्या दिशी. सुईण त्याला फडक्यात गुंडाळत हुती. तुमी दारात हुता. म्हनालात, खाऊन खाऊन हिनंच मारलं त्याला.

इंदुताई : आजी?

अंबुबाई : म्हनले आसंन.

इंदुताई : आजी, आठवून सांगा.

अंबुबाई : म्हनले. चांगलं ध्यानात हाय.

इंदुताई : मूल खरंच एवढं मोठं होतं?

अंबुबाई : कसलं मोठं, बाई! आडवं आलं हुतं. आधी हात भायेर आला. सुईण म्हनली, चाकनला डाक्टरकडं न्या. मालोजी गाडी जुपाया उठला हुता, त्याला मी बसवला. आमच्यात समद्या घरीच मोकळ्या झाल्यात म्हनले. पोर गेल्यावर कुनावर तरी घालायचं हुतं, हिच्यावर घातलं. विमल, ऐकलंस का? तुझ्या खान्यानं न्हाई गेलं ते. माझ्यापायी गेलं.

विमल : ऐकलं.

अंबुबाई : शिव्या दे मला. रड तरी गं.

विमल : रडू येत न्हाई.

इंदुताई : राहू दे, आजी. मूल कसं आहे ते डॉक्टरांना हात लावून कळतं. येत्या बुधवारी मी हिला पुण्याला दाखवायला नेते. नऊ भरले की बाळंतपणालाही तिकडंच. या वेळी कुणाला बसवू नका.

अंबुबाई : मीच गाडीत आधी बसंन.

इंदुताई : माझा हा आठवड्याचा कागद रद्द. उद्यापासून पुन्हा सात दिवस. पीठ नाही मोजणार, विमलचं ताट मोजणार.

अंबुबाई : मोजा. खैरुन्निसाला मी निराळ्या थापीन, तिचं काय तुटू द्यायचं न्हाई. घे, विमल. दूध घातलंय, भाकरी कुस्कर त्यात. हां. गिळ आता.

विमल : चव लागंना.

अंबुबाई : नसू दे. चाव.