राखणदाराचा नारळ

कुडाळच्या कुरियरच्या रांगेत किशोरी काजूचं पार्सल घेऊन उभी होती. कान मात्र पुढच्या गंगारामकाकांकडे आणि त्यांच्या शेजारणीकडे, हौसाबाईंकडे लागले होते.

"भावजी, सुशांतच्या बेंगळुरूच्या कंपनीचा यान चंद्रावर उतारला मां?"

"उतारला. पण उतारल्या उतारल्या कुशीर पडला."

"अरे देवा. आणि आतली ती चाकांची गाडी?"

"आतच आसा. दार खाली गेला."

"कशान पडला म्हणतत?"

"पाय धोंड्यार पडलो म्हणतत. मी सुशांताक इचारलंय, परक्या जाग्यात पाय ठेवच्या आधी थंयच्या राखणदाराक, जाग्याच्या देवाक, नारळ दिलास?"

"मगे?"

"म्हणता, बाबा, थंय वस्तीच नाय."

"आमच्या माळार तरी खंय वस्ती आसा? राखणदार आसाच मां?"

"ताच मी म्हटलंय. काल तेच्या सायबाचो फोन इलो. पुण्याचो आसा."

"रागावलो?"

"नाय. दुसरा यान तयार करतत. म्हणालो, 'काका, वजनाची फार अडचण आहे. नारळ सोलून चालेल का?'"

"तुमी काय सांगितलास?"

"शेंडी ऱ्हवाक व्हयी. तुमका जमाचा नाय, मीच सोलून धाडतंय."

काउंटरवरच्या पोराने काकांची नारळाची पिशवी काट्यावर ठेवली.

"काका, खंय पाठवचा?"

"बेंगळुरूपर्यंत तुमी न्हेवा. फुडचा ते बघतले."