मांजराची वाटी

आष्ट्याच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या सुलाबाईंच्या कानावर शेजारच्या सासरा-सुनेचं बोलणं पडत होतं. सुनेच्या मांडीवर दोन वर्षांची चंदना खुशाल खेळत होती.

"मामंजी, मांजराचं खाणं पोरीच्या पोटात मूठभर गेलं तर पाणी पाजा, उलटी झाली तरच आणा, असं डॉक्टर फोनवर म्हणालेत. तुमीच ओढून आणलंत."

"काळजी वाटती गं, त्रिशला. आपण जैन माणसं, त्यात मासा असतोय?"

"आवं, पाकिटावर चित्रच हाय! पण पोरीला काय कळतंय? तिला पाप न्हाई."

"आन् मोठ्यानं खाल्लं तर?"

"मोठं माणूस कशाला खातंय?"

"बाधंल का बघाय, चाखून."

"किती चाखलंत?"

"लय कुरकुरीत हुतं गं. वाटी संपली. माझा बी नंबर लाव."

सुलाबाईंनी आपल्या नंबराची चिठ्ठी म्हाताऱ्याच्या हातात दिली.