एक बोट जास्त

बोईसर स्टँडवर मुरब्याच्या एसटीची वाट बघताना शेजारच्या मायलेकांचं बोलणं हेतलच्या कानावर पडत होतं.

“टाकीत साधी हवाच भरून समुद्रात उतरतोस ना, प्रताप?”

“फार खोल जायचं असलं तर नाय, माई. तिथं साधी हवा दारूसारखी चढते. म्हणून तिच्यात हेलियम गॅस मिसळतात.”

“मग उद्या तू तोच घेणार ना?”

“त्याच्यानं थंडी लय वाजते. मी साध्या हवेवरच जाईन म्हणतो.”

“थंडीला स्वेटर हाय. नशेला काय हाय?”

“जोडीदार बोटं दाखवतो. आपण एक जास्त दाखवायचं. चुकलो तर तो वर आणतो.”

“हेलियम घे.”

“बरं, घेतो.”

एसटी सुटली. हेतलच्या पुढच्या खिडकीतून माईने पाच बोटं बाहेर काढली. प्रतापने हातातली पिशवी खाली ठेवली आणि सहा दाखवली.